प्रार्थनेचा विषय

"नमस्कार मॅडम. काय देऊ?"

चांगुणा एवढंच म्हणाली आणि पिशवीची घडी उलगडणारा प्रतिभाबाईंचा हात तिथंच थांबला. गंगेवरचा, म्हणजे नदीकाठचा, बुधवारचा बाजार ऐन भरात होता. मागून कुणाची तरी टोपली पाठीला घासून गेली. समोर ओल्या गोणपाटावर मेथीच्या जुड्या, शेपू, चार गड्ड्या पालक आणि त्यांच्यामागे पाय दुमडून बसलेली चांगुणा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रुसवाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं ती बघत होती. चर्चच्या मंडळीतली माणसं एकमेकांना भेटली की 'सलाम' म्हणतात, प्रतिभाबाईंच्या आजोबांच्या वेळेपासूनची ती रीत. चांगुणा नवी नवी चर्चला यायला लागली तेव्हा तिला त्या शब्दाचं हसू यायचं. मग एकदा जिभेवर बसल्यावर ती रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा ओरडायची, "सलाम, ताई!" इतक्या मोठ्यानं की प्रतिभाबाई आधी आजूबाजूला बघायच्या आणि मग हात वर करायच्या. तो शब्द आज तिनं जणू परत करून टाकला होता. आणि 'ताई'सुद्धा.

"मेथी दे दोन जुड्या," प्रतिभाबाई म्हणाल्या. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, "कशी आहेस?"

"बरी हाय. शेपू नेता का? सकाळीच काढलाय."

"नको. शेपू एकटीला संपत नाही."

चांगुणानं मान हलवली आणि मागच्या बाईकडे वळली. "या मावशी. पालक देऊ?" त्या अनोळखी बाईशी बोलताना मात्र आवाजात ऊब होती.

घरी येऊन त्या मेथी निवडायला बसल्या. साठीच्या घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईला दोन जुड्या मेथी निवडायला लागून लागून किती वेळ लागणार? पण दुपार कलली तरी ताटात पानांचा ढीग तसाच होता आणि हात मधेच थांबत होते. नमस्कार मॅडम. यात लागण्यासारखं काय आहे, त्या स्वतःला विचारत होत्या. देवळाली कॅम्पच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं; निम्मं गाव त्यांना मॅडम म्हणायचं. मग आजच ते का लागावं? उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते गेले पाच महिने ठाऊक होतं. कपाटात मागे सारून ठेवलेल्या पातेल्यासारखं ते होतं. दार उघडलं की दिसायचं, म्हणून त्या दारच उघडत नव्हत्या.

चांगुणाला मंडळीत आणलं ते त्यांनीच. तीन वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या बायका दर शनिवारी सरकारी दवाखान्यात जाऊन रुग्णांना भेटत असत. व्हरांड्यात, नवऱ्याच्या उशाशी, डब्याच्या झाकणात चहा गार करत बसलेली ही बाई. मखमलाबादेच्या बाजूला दिराच्या वाट्यातल्या अर्ध्या एकरावर भाजी करणारी, माहेर सायखेड्याचं. तिनं काही मागितलं नव्हतं. प्रतिभाबाईंनीच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या होत्या, "आजपासून मी तुझी थोरली बहीण समज." तो हात ठेवताना आपल्याला किती बरं वाटलं होतं! नवरा पंधरा दिवसांनी गेला. चांगुणा मात्र एका रविवारी आपण होऊन चर्चच्या पायरीशी येऊन उभी राहिली, नवं लुगडं नेसून, चपला हातात घेऊन. "ताई, आत आलं तर चालंल का?" तिला घेऊन प्रतिभाबाई मधल्या वाटेनं पुढच्या बाकापर्यंत चालत गेल्या होत्या, सगळ्यांच्या देखत. हो, सगळ्यांच्या देखत. आता आठवतं, त्या चालण्यात चांगुणा किती होती आणि 'देखत' किती होतं.

आणि मग ती फेब्रुवारीतली दुपार. ह्याच स्वयंपाकघरात. चांगुणा ओट्याला टेकून उभी होती, बसली नाही. नवऱ्याच्या कागदांत काय लिहिलंय ते तिला नंतर कळलं, मग तिनं स्वतःची तपासणी केली आणि तेच निघालं. एचआयव्ही हा शब्द तिनं उच्चारला नाही; "त्यांना व्हतं तेच मलाबी हाय," असं म्हणाली. औषधं चालू केलीत, दर महिन्याला मिळतात, डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही. "आरोहीला अजून सांगितलं नाय. तिची बारावी हाय. पुढल्या वर्षी सांगीन, माझ्या तोंडानं. ताई, एवढं पोटात ठिवा." प्रतिभाबाईंनी तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, मोठ्यानं, हात धरून. ते सगळं खरं होतं. त्या दुपारचं काही खोटं नव्हतं, हेच तर सगळ्यात अवघड.

कारण त्यानंतरच्या दुसऱ्याच गुरुवारी, महिला मंडळाच्या सभेत, मंगलाबाईंनी वही उघडून नेहमीसारखं विचारलं, "प्रार्थनेचे विषय?" मंगलाबाई मंडळाच्या चिटणीस, वहीत सगळ्यांची दुखणी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात असत. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाचा व्हिसा. प्रतिभाबाईंच्या वाट्याला बरेच दिवस काही आलं नव्हतं. एकट्या बाईला विषय तरी कुठून असणार? त्या बोलायला लागल्या तेव्हा आवाज आपोआप खाली गेला. "एका बहिणीसाठी प्रार्थना करायची आहे. नाव सांगणार नाही. नवरा गेला, आणि जाताना असं दुखणं पदरात टाकून गेला की औषधानं आटोक्यात राहतं पण जात नाही. शेतात राबून खाणारी बाई. घरात वयात आलेली मुलगी." वीस बायकांच्या माना एकदम वळल्या. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. "कोणती बहीण, ताई?" मंगलाबाईंनी पेन उचलून विचारलं, आणि प्रतिभाबाई म्हणाल्या, "नाव विचारू नका. मी वचन दिलंय."

हे वाक्य! पानं खुडता खुडता त्यांना ते पुन्हा ऐकू आलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. नाव विचारू नका, हे म्हणताना जिभेवर गोडी पसरली होती. सबंध मंडळीत शेतात राबणारी बाई एकच होती, आणि गुरुवारच्या सभेला ती कधी येत नसे. नाव न सांगून त्यांनी नाव सांगितलं होतं, वर वचन पाळल्याचं पुण्यही पदरात घेतलं होतं. चूक झाली, तोंडातून निघून गेलं, असं त्यांनी पाच महिने स्वतःला समजावलं. पण तोंडातून काही निघून गेलं नव्हतं. त्यांनी ते शब्द निवडले होते, आता ही पानं निवडतात तसे. कोवळं तेवढं ठेवून, देठ टाकून.

मार्च महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. कठड्याशी बायकांची रांग गुडघे टेकायची, पाळकसाहेब एकच प्याला एकेकीच्या ओठाला लावत, पांढऱ्या रुमालानं कड पुसत पुढे सरकायचे. वर्षानुवर्षं हेच. प्रतिभाबाई उठल्या तेव्हा चांगुणा त्यांच्या पुढे होती. मग काहीतरी झालं. कुणी काही बोललं नाही. पण मंडळीतल्या एका सुनेला एकाएकी मूल रडल्याचं आठवलं, दुसरी पदर सावरत थांबली, तिसरीनं "आधी तुम्ही जा" म्हणून हातानं खूण केली. चांगुणाच्या मागची रांग मागच्या मागेच विरत गेली आणि चांगुणाच्या मागे फक्त प्रतिभाबाई उरल्या. त्यांना माहीत होतं. नववीच्या वर्गात दरवर्षी तक्ता लावून त्याच शिकवायच्या: हात मिळवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, एका भांड्यातून प्यायल्यानं होत नाही. मुलं पाठ करून घडाघडा म्हणायची. एवढं माहीत असताना त्यांनी काय केलं? चांगुणाच्या डाव्या बाजूनं दोन पावलं टाकली, जणू पुढे जागा मोकळी दिसली म्हणून, आणि तिच्या आधी गुडघे टेकले. प्याला आधी त्यांच्या ओठाला लागला. नंतर चांगुणाच्या. तिच्यानंतर कुणाच्याच नाही. पाळकसाहेब उरलेला द्राक्षारस हातात घेऊन क्षणभर मोकळ्या कठड्याकडे बघत राहिले.

एप्रिलपासून प्रत्येकासाठी वेगळे इवले पेले आले. "आरोग्याच्या दृष्टीनं बरं," मंगलाबाई म्हणाल्या. "हल्ली सगळीकडे असंच करतात," पाळकसाहेब म्हणाले. चांगुणाच्या वाईटावर कुणीच नव्हतं. सगळे तिच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलत होते, थोडं लांब उभं राहून. तिच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा राहायला लागली. ती आणखी तीन रविवार आली. चौथ्या रविवारी आली नाही, आणि मग आलीच नाही. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "त्या भाजीवाल्या बहीण दिसत नाहीत?" कुणीतरी म्हणालं, "कामाचे दिवस आहेत ना." प्रतिभाबाईंनी एकदा फोन केला होता. पलीकडे घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही, आणि त्यांच्या मनाला हायसं वाटलं होतं. आज बाजारातसुद्धा त्या तिला शोधायला गेल्या नव्हत्या. तिला टाळूनच दुसऱ्या रांगेनं चालल्या होत्या. तिनं जागा बदलली होती एवढंच.

मेथी एकदाची संपली. देठांचं पुडकं बांधताना त्यांना लहानपणचं चांदवड आठवलं. कांद्याच्या चाळींमागचं ते बुटकं प्रार्थनाघर, खाली सतरंजी, डावीकडे बायका. वडील तिथं प्रचारक होते. थोरला भाऊ त्या वर्षी प्यायला लागला होता. रात्री आई त्याला दाराआड घेऊन पदरानं तोंड पुसायची, कुणाला कळू नये म्हणून. आणि एका बुधवारी वडील बाहेरगावी असताना सभेतला एक वडीलधारा माणूस उभा राहून म्हणाला, "आपल्यातल्या एका घरातला तरुण वाईट मार्गाला लागलाय, त्याच्यासाठी प्रार्थना करू या." नाव घेतलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. दहा वर्षांच्या प्रतिभानं मिटले नाहीत. तिनं पाहिलं, मिटलेल्या डोळ्यांची माणसं तोंडं तिच्या आणि आईच्याच दिशेला करून बसली होती. आईची मान खाली गेलेली, आणि सतरंजीचा एक दोरा ती बोटाला गुंडाळत होती, इतका घट्ट की बोट काळंनिळं झालं. भाऊ त्यानंतर कधीच चर्चची पायरी चढला नाही. मेला तो परक्यांत. आईनं मरेपर्यंत त्या माणसाच्या हातचं पाणी घेतलं नाही. प्रतिभाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल ठाऊक, त्यांना होतं. त्या बाजूनं बसून पाहिलेली बाई ह्या बाजूला येऊन उभी राहिली होती, आणि आवाज खाली घेऊन बोलली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सभेत मंगलाबाईंनी वही उघडली तशा त्या उभ्या राहिल्या. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मला काही सांगायचंय. फेब्रुवारीत मी इथं एका बहिणीबद्दल बोलले. तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं, आणि मी ते इथं आणून मांडलं. ते प्रार्थनेसाठी नव्हतं. मला सांगायचं होतं म्हणून मी सांगितलं. आणि नंतर प्रभुभोजनाला मी... आपण सगळ्यांनी तिला घालवलं. सुरुवात मी केली."

कुणी खोकलं. कुणी घड्याळाकडे बघितलं. मंगलाबाई उठून आल्या आणि त्यांनी प्रतिभाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो ताई, किती मनाला लावून घेता! तुम्ही नाव कुठं घेतलंत? आम्हीच ओळखलं."

"मंगलाताई, मी नाव घेतलं नाही म्हणूनच..."

"बसा, बसा तुम्ही. बहिणींनो, डोळे मिटू या." आणि मंगलाबाईंनी आवाज खाली घेतला. "हे प्रभो, आमच्या प्रतिभाताई एकट्या राहतात. वयपरत्वे मन हळवं होतं, नको नको ते विचार येतात. त्यांना झोप दे, शांती दे..." भोवतीनं हुंकार उठत होते, "होय प्रभू, होय प्रभू." मिटल्या डोळ्यांनी प्रतिभाबाई ऐकत होत्या. मंगलाबाईंच्या आवाजातली ती मऊ, ओलसर गोडी त्यांनी लगेच ओळखली. ती त्यांचीच होती. त्यांना मंगलाबाईंचा राग यायला हवा होता, पण तेवढाही हक्क उरला नव्हता. 'आमेन' झाल्यावर मंगलाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा आला. कुणीही चांगुणाचं नाव काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या रिक्षा करून मखमलाबादेला गेल्या. तिचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे पाटाच्या कडेला कोथिंबिरीचे वाफे. चांगुणा उंबऱ्यात बसून जुड्या बांधत होती. तिनं त्यांना बघितलं, उठली, आतून खुर्ची आणून अंगणात ठेवली, पाण्याचा तांब्या आणला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. प्रतिभाबाईंनी तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायलं, घटाघटा, गरजेपेक्षा जास्त. पिताना त्यांच्या लक्षात आलं की आपण दाखवतो आहोत. चांगुणानंही ते बघितलं. तांब्या खाली ठेवताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी माफी मागायला आले, चांगुणा."

"हां."

"तू पोटात ठेव म्हणाली होतीस. मी सभेत बोलले. नाव घेतलं नाही, पण..."

"नाव घेतलं असतं तरी चाललं असतं," चांगुणा जुडीला सुतळीचा वेढा देत म्हणाली. "मंग मी भांडले तरी असते. नाव न घेता बोलल्यावर माणूस भांडणार कोणाशी? आन् आरोहीला कोणी सांगितलं, म्हायती हाय? तुमच्या मंडळीतल्याच पोरीनं. कॉलेजच्या कँटीनमधी. माझी आई म्हणती तुझ्या आईला ते हाय, म्हणून. दोन दिस पोरगी माझ्याशी बोलली नाय. मला वाटलं परीक्षेचं टेन्शन. तिसऱ्या दिशी संध्याकाळी कागद आणून माझ्यापुढं ठिवला. एकटी जाऊन स्वतःची तपासणी करून आली व्हती. नाय निघालं काय तिच्यात. मला म्हायतीच व्हतं नाय निघणार. पण ती त्या बाकड्यावर एकटी बसली असंल ना, नंबर येईपर्यंत? मी नव्हते संगं. मला सांगायचं व्हतं तिला, माझ्या तोंडानं. तेवढं एकच माझ्या हातात व्हतं."

हे प्रतिभाबाईंना माहीत नव्हतं. आपली लाज केवढी आहे हे आपण मोजून बसलो आहोत अशा समजुतीत त्या इथं आल्या होत्या, आणि तिला तळच नव्हता.

"आन् एक सांगू का," चांगुणा म्हणाली. आता तिनं जुडी खाली ठेवली. "त्या दिशी रांगेतून बाया मागच्या मागं गेल्या, त्याचं मला काय वाटलं नाय. अडाणी माणसं भितात. माझी जाऊबी भिती, माझी भांडी येगळी ठिवती. पण तुमी मास्तरीण. तुमाला म्हायती व्हतं. मला मागं पायांचा आवाज आला, मला वाटलं, ताई हाय आपल्या मागं. आन् तुमी डाव्या बाजूनं पुढं आलात."

वाफ्यात पाटाचं पाणी शिरत होतं. कुणाला दिसली नसेल म्हणून चार महिने जपलेली एकच गोष्ट होती, आणि ज्या माणसाला ती दिसायला नको होती त्यालाच ती पहिल्यापासून दिसली होती.

"हो," प्रतिभाबाई म्हणाल्या. "आले."

का, हे चांगुणानं विचारलं नाही. तिनं माफ केलं असंही म्हटलं नाही. ती पुन्हा जुड्या बांधत राहिली, आणि प्रतिभाबाई खुर्चीत बसून राहिल्या, कारण उठून जाणं हे बसण्याहून वाईट होतं. मग ती म्हणाली, "सोमवारी गोळ्या आणायला जायाचं हाय. आरोही येती दर बारीला माझ्यासंगं, पण त्या दिशी तिचं ॲडमिशनचं काम हाय. तुमी येता?"

"येते ना. येईन."

"नीट इचार करा. त्या दारावर लाल रिबिनीचं चित्र हाय मोठं. तिथं बसलेलं माणूस कशाला आलंय ते आंधळ्यालाबी कळतं. म्हणून कोणी यायला मागत नाय."

"येईन," प्रतिभाबाई म्हणाल्या. पण हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारायला किंचित उशीर झाला, आणि तो उशीर दोघींनी ऐकला.

सोमवारी दहा वाजता त्या दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. घरातून निघताना त्यांनी दोन साड्या बदलल्या होत्या. पहिली फार भारी वाटली आणि दुसरी मुद्दाम साधी नेसल्यासारखी. चांगुणा आली, "चला" म्हणाली आणि पुढे चालू लागली. लांब बोळ, शेवटी ते दार. दाराबाहेर दोन बाकडी, भिंतीला टेकून उभी असलेली पंधरावीस माणसं. त्यात टापटीप शर्टातला एक बँकेतल्यासारखा माणूस होता, एक नवी नवरी होती, एक म्हातारे आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण त्या न बघण्यात तुटकपणा नव्हता. एका बाईनं चांगुणाला खुणेनं नंबर विचारला. प्रतिभाबाई भिंतीशी उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहण्यातसुद्धा आपण इतरांपासून वीतभर अंतर राखलंय हे ध्यानात येऊन त्या जवळ सरकल्या.

तेवढ्यात बोळातून कुणीतरी हाक मारली. "बाई? साळवे बाई ना?"

साई होता. आठवी 'ब'. आता त्यांच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बायको आणि आईबरोबर राहणारा. हातात क्ष-किरणाचं मोठं पाकीट. आईचा हात मोडला होता म्हणे, प्लास्टर काढायला आणलंय. तो हसत पुढे आला, पायाला हात लावायला वाकायला निघाला आणि वाकता वाकता त्याची नजर त्यांच्या शेजारच्या दारावरच्या लाल रिबिनीच्या चित्रावर गेली. तो अर्ध्यातच सरळ झाला. खिशातून उगाच मोबाइल काढून बघितला.

"तुम्ही इथं, बाई?"

वाक्य तोंडात तयार होतं. कधी तयार झालं ते त्यांनाही कळलं नाही. मी हिच्याबरोबर आलेय रे, सोबतीला. एवढं म्हटलं की संपलं असतं. त्याचा चेहरा पूर्ववत झाला असता, तो म्हणाला असता, वा बाई, अजून समाजसेवा चालूच तुमची! शेजारी चांगुणा उभी होती, नजर समोरच्या भिंतीवर. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांना स्वतःला सोडवायचं तर बोट तिच्याकडे दाखवावं लागणार होतं. दुसरा रस्ता नव्हता. जिभेवर पुन्हा तेच आलं होतं, नव्या कपड्यात. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बोलायचं होतं. फार बोलायचं होतं.

"हो रे," त्या म्हणाल्या. "नंबर यायचाय अजून."

साईनं घाईघाईनं मान हलवली. "काळजी घ्या, बाई. काही लागलं तर... म्हणजे, सांगा." आणि तो बोळातून निघून गेला, जाताना एकदा मागे वळून बघत.

आतून एक नंबर पुकारला गेला. आजोबा नातवाला कडेवर घेऊन उठले.

"कोण व्हता?" चांगुणानं विचारलं.

"विद्यार्थी माझा. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो."

"सांगंल का घरी?"

"सांगेल. आईला तर नक्कीच सांगेल. ती खाली वाट बघत बसली असेल." प्रतिभाबाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. संध्याकाळी जिन्यात भेटणारे चेहरे त्यांना आत्ताच दिसत होते.

"आन् कोणी येऊन इचारलं मंग? खरं काय म्हणून?"

"काही नाही सांगणार."

चांगुणानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाजारातल्यासारखं नाही आणि पूर्वीसारखंही नाही. आजोबांची जागा रिकामी झाली होती. तिनं आपली पिशवी तिथं ठेवून जागा धरली, मग कडेला बसून ती पिशवी मांडीवर घेतली.

"बसा इथं," ती म्हणाली. "लय वेळ लागतो."